सोलापूरच्या उन्हात चालेल असा लिथियम पॅक: सेल घेण्यापासून पहिल्या चार्जिंगपर्यंतची तयारी

वीज गेल्यावर घरातलं नेट चालू ठेवणारा बॅटरी पॅक घरीच बनवायचा आहे. त्यावर काय चालवायचं आहे, ते आधी कागदावर लिहा. घरात बहुतेक वेळा दोनच डबे असतात, वाय-फाय राउटर आणि ओएनटी (फायबरची तार ज्यात येते तो डबा), आणि दोन्ही १२ व्होल्टचे. अ‍ॅडॉप्टरवर १.५ अँपिअर छापलेलं असलं तरी राउटर सतत तेवढा करंट ओढत नाही. मल्टिमीटरची लाल पिन १० अँपिअरच्या भोकात घाला, मीटर वायरीत सिरीजमध्ये जोडा आणि नेट जोरात चालू असताना खरा आकडा बघा. दोन्ही मिळून १२ वॅट धरले तर ५ तासांना ६० वॅट-तास लागतील. ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तासाचे ४ सेल म्हणजे ७६.८ वॅट-तास. त्यातला दहावा हिस्सा कन्व्हर्टर (पॅकचं व्होल्टेज १२ वर आणणारा बोर्ड) खातो, दहावा हिस्सा तळाला राखून ठेवायचा, म्हणजे वापरायला सुमारे ६२ उरतात. हिशेब बसतो. पुढची सगळी तयारी या ४ सेलच्या पॅकची आहे.

आता सेलची जात. बाजारात मुख्यतः दोन मिळतात. एक एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची, ३.६ ते ३.७ व्होल्टची, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. दुसरी लिथियम आयर्न फॉस्फेट म्हणजे एलएफपी, ३.२ व्होल्टची, भरल्यावर ३.६५. तेवढ्याच वजनात एनएमसी जास्त वीज साठवते, म्हणून मोबाइल-लॅपटॉपला ती बरी. घरात एका जागी ठेवायच्या पॅकला वजनाचं काय? इथे एलएफपीच घ्या. १९९७ मध्ये शास्त्रज्ञ जॉन गुडइनफ यांच्या गटाने हे रसायन मांडलं. त्यात ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, सेल तापला तरी सहजी सुटत नाही, त्यामुळे आतल्या आत आग भडकायला लागणारं तापमान एनएमसीपेक्षा बरंच वर जातं. एलएफपी पेटतच नाही असं मात्र नाही. शॉर्ट झाला किंवा जास्त चार्ज झाला तर तोही फुगतो, आणि त्यातून निघणारा वायू जळतो.

सोलापुरात अजून एक आकडा लक्षात ठेवावा लागतो. दोन्ही जातींचे बहुतेक सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. वापरताना ६० अंश चालतात, चार्ज करताना नाही. एप्रिल-मे महिन्यांत सावलीतलाच पारा चाळीशीच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत छताजवळच्या फळीवर दुपारी काय होत असेल, ते हात वर केल्यावर कळतं. म्हणून पॅकची जागा सेल घेण्याआधी ठरवा: खालच्या मजल्यावर, जमिनीलगत, पश्चिमेची भिंत सोडून. वरची फळी सोयीची वाटते, पण ती नको.

काय घ्यायचं नाही, हेही आधीच ठरवा. मऊ पाकिटासारखे लिपो सेल घरगुती पॅकला नकोत. त्यांना कडक कवच नसतं, एखादा खिळा किंवा स्क्रूचं टोक आत घुसलं की संपलं. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल स्वस्त पडतात, पण ते किती वेळा तळाला गेले हे कुणालाच माहीत नसतं. व्होल्टेज २ च्या खाली जाऊन पडून राहिलेल्या सेलमध्ये तांब्याची पट्टी विरघळू लागते, आणि परत चार्ज करताना तेच तांबं आत शॉर्ट करतं. असा सेल चार्जरवर ३.७ दाखवील, पण त्याच्यावर विश्वास ठेवू नका. १८ मिमी जाड, ६५ मिमी लांब अशा १८६५० सेलवर ९९०० एमएएच (मिलिअँपिअर-तास) छापलेलं दिसलं तर तो उचलूच नका. त्या आकारात चांगल्या कंपनीच्या सेलचा आकडा साधारण ३५०० च्या आसपास थांबतो.

आपल्या पॅकला ३२७०० आकाराचे सेल लागतील, म्हणजे ३२ मिमी जाड आणि ७० मिमी लांब. नवी पेठेत समोरासमोर बघून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पण चारही सेल एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे आणि एकाच दिवशी घेतलेले असावेत. ५ किंवा ६ घ्या, कारण तपासणीत एखादा बाद होतोच. सोबत घरचा ग्रॅमचा काटा न्या. खरा ६ अँपिअर-तासाचा ३२७०० सेल साधारण १४० ग्रॅमच्या आसपास भरतो, तर १८६५० भरतो ४५ ते ५० ग्रॅम. त्याहून फार हलका निघाला तर आत माल कमी आहे, लेबल काहीही सांगो. मग टोकांकडे बघा. नव्या सेलची धातूची टोपी गुळगुळीत असते. तिच्यावर बारीक टोचल्यासारखे ठिपके किंवा पट्टी ओरबाडून काढल्याचे व्रण दिसले, तर तो दुसऱ्या पॅकमधून काढून नवीन प्लास्टिकचा झगा चढवलेला सेल आहे. (टॅब म्हणजे धातूची पट्टी वेल्ड करूनच विकलेल्या सेलवर ठिपके असणारच, तिथे पट्टी पक्की आणि सरळ बसली आहे का ते बघा.) वेष्टनावर किंवा खोक्यावर आयएस १६०४६ (बॅटरीचं भारतीय मानक) आणि आर- ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की कंपनीचं नाव निघतं. लेबलवरचं नाव आणि अ‍ॅपमधलं नाव जुळलं पाहिजे.

घरी आल्यावर घाई करू नका, तयारीतलं सगळ्यात मोठं काम आता आहे. प्रत्येक सेलवर मार्करने क्रमांक घाला, व्होल्टेज मोजून वहीत लिहा. कारखान्यातून अर्धवट भरलेला एलएफपी सेल ३.२ ते ३.३ च्या दरम्यान असतो. २.५ च्या खाली असलेला परत करा. मग २.२ ओहम, १० वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर घ्या. तो सेलला जोडला की दीड अँपिअर वाहतो. मीटरच्या पिना थेट सेलच्या टोपीवर टेकवा, रेझिस्टरच्या पायांवर नको, नाहीतर वायरीतली घटही सेलच्या नावावर जाईल. जोडायच्या आधीचा आकडा आणि जोडल्यावर ३ सेकंदांनी दिसणारा आकडा, यांतला फरक लिहा. तीन सेल २५ ते ३० मिलिव्होल्ट उतरले आणि चौथा ७० उतरला, तर चौथ्याचा अंतर्गत रोध जास्त आहे. तोच पॅकमध्ये आधी तापेल आणि आधी रिकामा होईल. त्याला बाजूला काढा. रेझिस्टर लगेच चटका देण्याइतका तापतो, फरशीवर ठेवून काम करा.

पुढे प्रत्येक सेल एका सेलच्या एलएफपी चार्जरने ३.६ व्होल्टपर्यंत भरा. टीपी४०५६ चं छोटं निळं चार्जिंग मॉड्यूल इथे चालत नाही, ते ४.२ पर्यंत नेतं. बेंच सप्लाय (व्होल्टेज हवं तसं लावता येणारा टेबलावरचा सप्लाय) वापरत असाल तर सेल जोडण्याआधी ३.६० लावून घ्या आणि मग नॉबला हात लावू नका. करंट ०.२ अँपिअरच्या खाली आला की सेल भरला. आता १० दिवस तसेच ठेवा. हेच १० दिवस लोक वाचवतात, आणि नंतर पॅक सहा महिन्यांत का बसला म्हणून शोधत बसतात. भरलेला सेल आपोआप ३.३३ ते ३.४ वर स्थिरावतो. दहाव्या दिवशी तीन सेल ३.३४ वर आणि एक ३.३० वर असेल, तर तो आतून गळतोय. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे ४० मिलिव्होल्टचा फरक इथे लहान नाही. बाद सेलच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. घंटागाडीत टाकू नका, कचरा दाबताना तो तिथेच पेटू शकतो.

बीएमएस म्हणजे प्रत्येक सेलचं व्होल्टेज बघून गरज पडली की करंट तोडणारा बोर्ड. तो घेताना त्यावर ४एस (म्हणजे ४ सेल सिरीजमध्ये) आणि एलएफपी, दोन्ही लिहिलेलं हवं. दिसायला सारखाच असणारा लिथियम-आयनचा (म्हणजे एनएमसीसाठीचा) बोर्ड प्रत्येक सेलला ४.२५ व्होल्टच्या आसपास नेईपर्यंत तोडत नाही. एलएफपीला ते फार होतं, त्याचा बोर्ड ३.६५ ते ३.७५ ला तोडतो. १० अँपिअरचा पुरेसा आहे. बॅलन्सच्या (सगळे सेल सारखे भरलेले ठेवण्यासाठीच्या) पाच वायरी सेलला जोडा, पण कनेक्टर बोर्डात खोचण्याआधी मीटरची काळी पिन पहिल्या वायरीवर ठेवून लाल पिन एकेक पुढे न्या: ३.३, ६.६, ९.९, १३.२ अशीच चढण दिसली पाहिजे. एक वायर इकडची तिकडे झाली तर कनेक्टर खोचताक्षणी बोर्डातून धूर येतो. काही बोर्ड नवे असताना बाहेर व्होल्टेज देतच नाहीत, एकदा चार्जर लावला की जागे होतात.

सेलच्या टोपीवर थेट सोल्डर करू नका. ती उष्णता आतल्या पातळ पडद्यापर्यंत पोचते. टॅब वेल्ड केलेले किंवा स्क्रूचे सेल घ्या, नाहीतर स्पॉट वेल्डिंगवाल्याकडून पट्ट्या लावून घ्या. पट्टी शुद्ध निकेलची, ०.१५ मिमी जाड, ८ मिमी रुंद असावी. निकेलचा मुलामा दिलेलं लोखंड निकेल म्हणून खपवतात आणि चुंबक दोन्हींना चिकटतं, म्हणून तुकडा पॉलिश पेपरने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. सकाळी तांबूस झाला तर ते लोखंड. पॉझिटिव्ह टोकाला फिश पेपरची (वीज वाहू न देणाऱ्या जाड कागदाची) गोल चकती लावाच. सेलचं अख्खं कवच निगेटिव्ह असतं, अगदी वरच्या टोपीच्या कडेपर्यंत. मध्ये असतो तो नखाने फाटेल असा प्लास्टिकचा झगा, आणि त्यावरून निकेल पट्टीची धारदार कड जाते. फ्यूज पॅकच्या पॉझिटिव्ह टोकाला अगदी लागून, ५ अँपिअरचा, गाडीत असतो तसला ब्लेडचा. वायर १ चौरस मिमीची.

चार्जिंगकडे विशेष लक्ष द्या, कारण राउटरचा पॅक चोवीस तास चार्जरला जोडलेला असतो. १४.६ व्होल्टचा तयार चार्जर दिवसरात्र लावून ठेवला तर सेल कायम काठोकाठ भरलेले राहतात आणि उन्हाळ्यात लवकर म्हातारे होतात. त्याऐवजी जुना १९ व्होल्टचा लॅपटॉप अ‍ॅडॉप्टर आणि एक्सएल४०१५ चं करंट-व्होल्टेज दोन्ही बांधता येणारं मॉड्यूल घ्या. करंट २.५ अँपिअरला बांधा, त्यातला एक राउटरला, बाकी बॅटरीला. मॉड्यूल ५ अँपिअरचं म्हणून विकतात, पण ३ च्या पुढे ते फार तापतं. वीज गेल्यावर बॅटरीतून मॉड्यूलमध्ये उलटा करंट जाऊ नये म्हणून मध्ये ५ अँपिअरचा शॉट्की डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) लावा, आणि व्होल्टेज डायोडच्या पुढे, बॅटरीच्या बाजूला मोजून १३.८ वर आणा. डायोड ०.३ ते ०.४ व्होल्ट खातो, डायोडच्या अलीकडे मोजलं तर पॅक कधीच भरत नाही. चार्जर आणि बॅटरीच्या मधल्या वायरीत ४५ अंशांना उघडणारा छोटा थर्मल स्विच घाला आणि तो सेलला उष्णता सोसणाऱ्या कॅप्टॉन टेपने चिकटवा. दुपारी तो उघडला तर राउटर बॅटरीवर चालेल आणि खोली निवल्यावर चार्जिंग आपोआप परत सुरू होईल. १३.८ ला बीएमएसचं बॅलन्सिंग सहसा सुरूच होत नाही, म्हणून तीन महिन्यांतून एकदा, थंड वेळी, राउटर पॅकवरून काढून व्होल्टेज १४.४ ला न्या आणि काही तास शेजारी थांबून चारही सेल मोजा.

बाहेर जाणाऱ्या बाजूला १२ व्होल्टचा बक-बूस्ट कन्व्हर्टर लावा. पॅकचं व्होल्टेज १० पासून १४ पर्यंत फिरतं, सगळे राउटर ते सोसत नाहीत. राउटर लावण्याआधी कन्व्हर्टर १२.० वर आणून त्याच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा थेंब टाका, म्हणजे हलणार नाही. जॅकची मधली पिन पॉझिटिव्ह आहे ना, ते अ‍ॅडॉप्टरवरच्या खुणेवरून बघा.

डबा पत्र्याचा असेल तर आतून फिश पेपर लावा, वायर बाहेर येते तिथे रबराची चकती घाला आणि बाजूंना भोकं ठेवा. झाकण घट्ट बसणारा जेवणाचा प्लास्टिकचा डबा नको, वायूला बाहेर पडायला जागा लागते. ज्या घरात यंत्रमाग आहे तिथे हवेतले सुताचे बारीक तंतू महिनाभरात भोकांवर थर धरतात, दर आठवड्याला ब्रशने झाडा. चादरींच्या थप्पीवर, पडद्याजवळ किंवा सिलिंडरशेजारी डबा ठेवायचा नाही. बाहेर जायच्या वाटेवरही नको.

पहिलं चार्जिंग सकाळी, घरात माणूस जागा असताना करा. दर अर्ध्या तासाने प्रत्येक सेलला हात लावा. चारही सारखेच कोमट असतील तर ठीक, एकच वेगळा गरम लागला तर थांबा. गोडसर, थिनरसारखा वास आला किंवा सेल फुगलेला दिसला तर आधी भिंतीवरचं बटण बंद करा, डबा उघड्यावर न्या, पण धूर सुरू झाला असेल तर हात लावू नका. तो धूर विषारी असतो. वीज तोडल्यावर भरपूर पाणी ओतणं बरोबर आहे, या सेलमध्ये धातूरूप लिथियम नसतं आणि शेजारचे सेल थंड ठेवणं हाच उपाय. आग आवाक्याबाहेर जातेय असं वाटताच सगळ्यांनी बाहेर पडून १०१ ला फोन करा.

सगळं नीट पार पडलं की झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने तारीख आणि चारही सेलची व्होल्टेज लिहा. तीन महिन्यांनी पॅक १४.४ ला नेताना हेच चार आकडे शेजारी ठेवून बघायचे आहेत.