न्हाणीच्या फरशीखालचा गळका जॉइंट: फोडण्याआधी आणि फोडल्यावर

न्हाणीच्या भिंतीला खालून हात-दीड हात ओल चढली, पोपडे पडायला लागले, की मिस्त्री येऊन पहिलं वाक्य बोलतो, "फोडावं लागेल." लागेलही. पण कुठं फोडायचं हे तुम्ही आधी ठरवून ठेवा, नाहीतर अर्धी न्हाणी उकरून निघते आणि गळती होती तिथंच राहते. खालची पद्धत तळमजल्यावरच्या, जमिनीवर बसलेल्या न्हाणीसाठी आहे. वरच्या मजल्यावर स्लॅबचं काम असतं, तिथं स्वतः छिन्नी लावू नका.

आधी गुन्हेगार शोधा

गच्चीवरची टाकी रात्री भरा, पातळीला खूण करा आणि सकाळपर्यंत घरातला एकही नळ उघडू नका. पाणी उतरलं तर नळाची लाइन कुठंतरी फुटली आहे, सांडपाण्याच्या पाइपाच्या नादी लागू नका.

पातळी तशीच राहिली तर दुसरी तपासणी. नहाणी ट्रॅपची (फरशीतलं पाणी जाण्याचं जाळीचं भोक आणि त्याखालचं भांडं) जाळी काढून भोकात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं फडकं घट्ट कोंबा आणि फरशीवर बोटभर पाणी साचवा. दोन-तीन तासांत ते उतरलं (बुच्यातून जात नाही ना, हे पाहून) तर दोष फरशीच्या दरजांचा किंवा ट्रॅपच्या कडेचा. ट्रॅपची कॉलर आणि फरशी यांच्यातलं सिमेंट सुटणं हा सगळ्यात जास्त सापडणारा दोष, आणि बरेचदा पाइप बिचारा शाबूत असतो. तेवढी दरज खरवडून ग्राउट (दरजा भरायचं मिश्रण) भरलं की काम संपतं.

फरशी पाणी धरून राहिली तर फडकं काढा, फरशी पुसून कोरडी करा आणि फनेल लावून थेट ट्रॅपमध्ये निळीच्या पाण्याच्या चार-पाच बादल्या ओता. बाहेर चेंबरवर (सांडपाण्याचा पाइप जिथं जाऊन मिळतो त्या हौदावर) एक माणूस उभा करा. निळं पाणी ओतलं त्या मानानं फारच कमी पोचलं किंवा एक-दोन दिवसांत भिंतीखाली निळी ओल फुटली, की जॉइंट गळतोय हे नक्की.

कुठं फोडायचं

पीव्हीसीचा पाइप 10 किंवा 20 फुटांच्या लांबीत मिळतो. छोट्या न्हाणीत मधल्या अंतरात जॉइंट असण्याचं कारणच नाही. तो असतो ट्रॅपला पाइप जोडतो तिथं, बेंडवर (वळणाच्या तुकड्यावर), नाहीतर भिंतीखाली. म्हणून ट्रॅपपासून सुरुवात करा आणि पाइप जातो त्या दिशेनं दीड-दोन फूट रुंदीचाच पट्टा उघडा. शहाबादी असेल तर दरज मोकळी करून पहारीनं अख्खी लादी उचलता येते. टाइल्सच्या दरजा ग्राइंडरनं कापा. कोबा छिन्नी-हातोड्यानं फोडा, पण पाइपाच्या जवळ आलात की पहार बाजूला ठेवून खुरपं घ्या. हातात रबरी मोजे असू द्या.

गळणारी जागा ओळखायला वेळ लागत नाही. आजूबाजूची माती साधी ओली असते, तिथली मात्र करडी, बुळबुळीत होते, साबणाचा आंबूस वास मारते. जॉइंटमधून केसांचा झुपका बाहेर आलेला दिसला तर पाइप कापताना कड घासली नव्हती, असं समजा.

जोडणी

बाहेरून एम-सील थापून पाणी थांबवू नका. ओल्या, साबणट पाइपाला ते धरत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा तोच खड्डा. गळका तुकडा हॅक्सॉनं सरळ कापून काढा. दोन्ही बाजूंनी पक्क्या पाइपात साधा कपलर (दोन पाइप जोडणारा तुकडा) बसत नाही, कारण आत मधोमध अडथळ्याची कड असते. दुकानात रबरी रिंगांचा रिपेअर कपलर मागा. तो एका पाइपावर पूर्ण सरकवायचा, नवा तुकडा जागी ठेवायचा आणि कपलर मागे आणायचा. असे दोन कपलर लागतील. कापलेल्या कडा कानशीनं तिरप्या घासा, पाइप पुसा, कपलर किती सरकवायचा त्याची पेन्सिलनं खूण करा. रिंगेला साबणाचं पाणी लावा. तेल किंवा ग्रीस नको, रबर खराब होतं.

पेस्टिंगचा जॉइंट करायचा तर सोल्युशन पीव्हीसीचंच हवं, आणि पाइप पूर्ण कोरडा. दोन्ही बाजूंना लावून, किंचित पिळून बसवा, अर्धा मिनिट दाबून धरा. चोवीस तास पाणी सोडू नका.

सॉकेटचं (पाइपाच्या रुंद टोकाचं) तोंड पाणी येतं त्या बाजूला ठेवा. 75 मिलिमीटरच्या पाइपाला मीटरमागे दोन ते अडीच सेंटीमीटर उतार द्या. जुन्या घरात चिनी मातीचे पाइप निघाले तर एक सांधा दुरुस्त करण्यात अर्थ नाही. चेंबरपर्यंत सगळा पट्टा बदला.

खड्डा बुजवताना

आपल्याकडं जॉइंट सुटण्यामागं बहुतेक वेळा माती असते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावर टेकलेला पाइप वर-खाली होतो. त्यात पाणी आठवड्यातून एकदा येतं म्हणून न्हाणीत टिपाडं भरून ठेवलेली. 200 लिटरचं टिपाड म्हणजे 200 किलो, तेही नेमकं पाइपावर! म्हणून उकरलेली काळी माती परत टाकू नका.

आधी उघड्या खड्ड्यातच चेंबरकडचं तोंड बुचानं बंद करून ट्रॅपपर्यंत पाणी भरा आणि तासभर थांबा. जॉइंटवर कोरडा कागद फिरवा. तो कोरडाच राहिला तर पुढं जा. पाइपाखाली आणि दोन्ही बाजूंना चार बोटं वाळू किंवा बारीक, दगड नसलेला मुरूम हातानं दाबून भरा, पाणी मारून बसू द्या. वर तेवढाच थर, मग काँक्रीट, वॉटरप्रूफिंग आणि ट्रॅपकडे उतार ठेवून फरशी. इथं मिस्त्री घाई करतात, सांगून थांबवा.

काँक्रीट ओतण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, दोन भिंतींपासून जॉइंटचं अंतर टेपनं मोजून लिहून ठेवा. टिपाडं त्या रेषेवरून हलवून भिंतीच्या कोपऱ्यात लावा.