पाळीच्या आधीच्या आठवड्यातली झोप कशी सांभाळावी

पाळीला पाच-सहा दिवस उरले की अनेक जणींची झोप बिघडते. अंग दमलेले असते, पण पहाटे तीनला जाग येते आणि पहिल्या लोकलचा आवाज कानावर येईपर्यंत पुन्हा डोळा लागत नाही. घरात याला ‘उगाच विचार करतेस’ असे म्हटले जाते, त्याचे मला फार वाईट वाटते, कारण हा त्रास मनाने रचलेला नसतो.

बीजांड बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढते आणि शरीराचे तापमान साधारण ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने चढते. झोप लागताना मात्र शरीर किंचित थंड व्हावे लागते. पुढे पाळी जवळ आली की हेच संप्रेरक उतरते आणि त्याच्यापासून तयार होणारा, मेंदूला शांत करणारा घटकही कमी होतो. छाती जड होणे, पोट फुगणे आणि चिडचिड यांची त्यात भर पडते.

म्हणून आधी नोंद ठेवावी. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर निदान दोन महिने रोज पेन्सिलीने तीन गोष्टी लिहाव्यात: किती वाजता झोप लागली, किती वेळा जाग आली आणि त्या दिवशी काय दुखत होते. पाळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत झोप सुधारत असेल, तर त्रास पाळीशी निगडित असण्याची शक्यता जास्त. महिनाभर तसाच राहत असेल, तर कारण अन्यत्र शोधावे.

मुंबईत खरी अडचण दमटपणाची आहे. घाम वाळत नाही, त्यामुळे पाण्याचा कूलर इथे फारसा उपयोगी पडत नाही. पंख्याचा वारा थेट अंगावर येईल अशी जागा हवी. झोपण्यापूर्वी तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ करावी, म्हणजे त्वचेवाटे उष्णता बाहेर पडते, आणि धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी अंथरावी. एका खोलीत पाच जण झोपत असतील, तर त्या आठवड्यापुरती पंख्याखालची जागा तिला मिळायला हवी, आणि ती तिला मागावी लागू नये.

दुपारनंतर चहा टाळावा, कारण कॅफीन अर्धे उतरायलाच सुमारे पाच तास लागतात. संध्याकाळी चर्चगेटहून विरारला परतताना खिडकीशी लागलेली तासाभराची डुलकी सुखाची वाटते, पण ती रात्रीची झोप खाते. ओटीपोटात कळ येत असेल, तर गरम पाण्याची पिशवी वीसेक मिनिटे धरून झोपण्यापूर्वी बाजूला ठेवावी.

पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल आणि रात्री पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोह तपासून घ्यावे. दर महिन्याला या दिवसांत मन इतके खचत असेल की काम आणि नाती सांभाळणे अशक्य व्हावे, तर तो पीएमडीडी, म्हणजे पाळीआधी मनावर तीव्र परिणाम करणारा आजार, असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर कोणत्याही वेळी बोलता येते. केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयातल्या स्त्रीरोग विभागात जाताना कालनिर्णयची ती दोन पाने सोबत न्यावीत. गर्दीच्या ओपीडीत बोलायला मिळणाऱ्या थोड्या वेळात डॉक्टरांना ती पाने पुष्कळ काही सांगतात.