पद्मिनीचं वायरिंग घरी करताय? जुनं कापू नका

बाबांची प्रीमियर पद्मिनी गाडी बरीच वर्षं शेडमध्ये उभी होती. डॅशबोर्डमागे उंदरांनी संसार थाटलेला आणि आधी कुणीतरी जोड मारताना हाताला लागली ती लाल वायर वापरलेली, हॉर्न लाल, इंडिकेटर लाल, टेललाइट पण लालच. मी दोन महिने टेपा गुंडाळत बसलो, मग सगळंच नवीन केलं. तुम्ही ते दोन महिने वाचवा.

बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडायची, जोडताना ती शेवटी. उलटं केलं आणि पॉझिटिव्ह सोडताना पाना बॉडीला टेकला की वेल्डिंगच सुरू.

आता प्रत्येक टोकाला मास्किंग टेप लावून नंबर टाका, वहीत नंबरासमोर लिहा कुठून कुठे जाते, फोटो काढा, आणि जुना हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, अख्खा बाहेर काढून गच्चीवर पसरा. हाच तुमचा नकाशा, त्याच्याच मापाने शेजारी नवीन वायरी टाकत जायच्या. रंग जुनेच ठेवा, पुढच्या माणसाचे शिव्याशाप वाचतात.

वायर गाडीचीच घ्या, बारीक तारांची, पुण्यात असाल तर नाना पेठेत एक चक्कर मारा. घरच्या फिटिंगची एकाच जाड तारेची वायर हादऱ्याने तुटते. हेडलाइटला २.५ चौरस मिमी, इंडिकेटर वगैरेला १ ते १.५, चार्जिंगच्या मेनला ६. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं टोक, नीट क्रिम्प करा, म्हणजे दाबून घट्ट बसवा, नुसतं सोल्डर केलं तर जिथे सोल्डर संपतं तिथेच वायर मोडते. आणि पत्र्यातून वायर जाते तिथे रबर ग्रोमेट, म्हणजे भोकात बसणारी रबरी कडी, हवीच.

पद्मिनीचे दिवे मिणमिणते असतात म्हणून लोक बल्ब बदलत बसतात, पण ५५ वॉटचे दोन बल्ब म्हणजे ९ अँपिअरच्या वर करंट आणि तो सगळा त्या म्हाताऱ्या स्विचमधून जातो. दोन रिले टाका, एक अप्परला एक डिपरला; रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, त्याच्या पिनांवर नंबर असतात. ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ बल्बकडे, ८६ ला स्विचची वायर, ८५ अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. फ्यूज बॅटरीच्या जवळच ठेवा, दिव्याजवळ ठेवून काय उपयोग.

अर्थ मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका, निम्मी भुतं तिथेच असतात. इंडिकेटर दिला की टेललाइट पण लुकलुकतो, ते हेच. रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर थिंबल आवळा, वरून ग्रीस. इंजिन आणि बॉडीमधली जाड पट्टी पण नवीन टाका, ती सैल असली की स्टार्टरचा करंट चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल भाजते, खरंच.

सगळं जोडून झालं तरी बॅटरी थेट लावायची नाही. निगेटिव्ह टर्मिनल आणि तिची केबल यांच्या मध्ये इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब लावा, दारं बंद, सगळी बटणं बंद. बल्ब विझलेला राहिला तर ठीक, लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, एकेक फ्यूज काढत जा, ज्याला विझेल त्या लाइनमध्ये शोधा. माझा पहिल्याच फटक्यात पेटला. अर्धा दिवस गेला, शेवटी छतातल्या दिव्याची वायर दाराजवळच्या एका स्क्रूखाली चेपलेली सापडली, आणि तो स्क्रू मीच आदल्या रात्री जोर लावून आवळला होता.