पाठीवरची गाठ पिकली तर काय करायचं
पहिलं म्हणजे पिळू नका, सुईने टोचू तर अजिबात नका, आत फुटली की इन्फेक्शन पसरतं. कोमट पाण्याने शेक द्या आणि सरळ सर्जनला दाखवा. शुगर असेल तर आधीच सांगा, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेही. भुलीचं इंजेक्शन देऊन छोटा चिरा देतात, पू काढतात, पण सुजलेल्या जागी भूल नीट चढत नाही त्यामुळे थोडं दुखतंच, आणि वास, बापरे! टाके सहसा घालत नाहीत, जखम आतून भरायला हवी म्हणून कधीकधी गॉजची पट्टी भरतात, ती बदलताना आधी सलाईनने भिजवून घ्यायला सांगा. गाठीची पिशवी, म्हणजे तिचं आवरण, मात्र बऱ्याचदा आतच राहते, सूज उतरल्यावर ती सर्जनकडून काढून घ्या, नाहीतर गाठ परत येऊ शकते. ताप आला, लाली पसरली तर लगेच दवाखाना गाठा.