मागाचं संग्रहालय चालवायचं तर आधी जॉबर शोधा

बडोद्याहून वस्तुसंग्रहालयशास्त्रात एम.ए. करून मी इचलकरंजीतल्या एका छोट्या ट्रस्टच्या यंत्रमाग संग्रहालयात रुजू झाले, तेव्हा ताब्यात आलं ते असं: एक गळकी पत्र्याची शेड, अकरा माग आणि एक शिपाई. पदाचं नाव मात्र संचालक. इकडं येऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

पहिल्याच वर्षी मी मोठी चूक केली. एका कारखानदारानं आजोबांच्या वेळचा माग दिला. उद्घाटन तोंडावर होतं, म्हणून मी तो रॉकेलनं घासून हिरवा रंग मारून घेतला. दुसऱ्या दिवशी एक निवृत्त जॉबर, म्हणजे माग जोडून-दुरुस्त करून चालता ठेवणारे कारागीर, बघायला आले. सांगाड्यावरून बोट फिरवून म्हणाले, "म्याडम, हितं खडूनं तारखा हुत्या की. बीम कधी चढवला त्याच्या." बीम म्हणजे उभं सूत गुंडाळलेला रूळ. अभ्यासक्रमात 'वस्तूवरच्या खुणा जपा' हे मी पाठ केलं होतं, पण तेलकट लोखंडावरचा खडू ही खूण असते हे मला कुणी दाखवलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात त्याच जॉबरना मी मानधनावर घेतलं. ट्रस्टींना ती उधळपट्टी वाटली. पण माग चालू असताना पाठमोरे उभे राहून, आवाज ऐकून 'धोटा (आडवं सूत इकडून तिकडं नेणारा भाग) अडतोय' असं सांगणारा माणूस कुठल्याही प्रमाणपत्रावर मिळत नाही. त्यांचं ज्ञान कागदावर नाही. अशी माणसं बोलती आहेत तोवर रेकॉर्डर घेऊन त्यांच्याजवळ बसणं, हे मी संचालकाचं पहिलं काम मानते. यंत्रं काय, मोडीत निघालेली आणखी मिळतील.

माग चालवून दाखवायचा की जपायचा, यावर आमची बरीच वादावादी झाली. चालवला तर झिजतो आणि बंद ठेवला तर मुलांना तो लोखंडी पलंगच वाटतो. शेवटी अकरापैकी एकच चालवायचं ठरलं. त्याचा बदललेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून पेटीत ठेवतो. धोटा उडून लागू नये म्हणून पुढं जाळी बसवली. प्रात्यक्षिक दहा मिनिटांचं, कारण त्या खडखडाटात मुलांना जास्त वेळ उभं करणं बरं नव्हे.

शाळांच्या सहली हा या नोकरीतला सगळ्यात जिवंत भाग. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी गावात पहिला यंत्रमाग आणला, हे मी सुरुवातीला तक्ता लावून सांगायचे आणि मुलं जांभया द्यायची. एकदा सातवीतली एक मुलगी म्हणाली, "माझी आई घरात कांड्या भरत्या. ह्यात काय बघायचं?" मी गप्पच झाले. मग तिलाच पुढं बोलावलं. आडव्या सुताची कांडी धोट्यात कशी बसते, सूत कसं ओवायचं, हे तिनं हेडमास्तरांना करून दाखवलं. त्यानंतर मी कार्यक्रमच बदलला. आता आधी मुलं सांगतात, मग आम्ही.

गणितही तिथंच शिकवतो. सुताचा काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. ४० काउंट म्हणजे ३३,६०० यार्ड, जवळपास ३० किलोमीटर. अर्धा किलोही नसलेलं सूत उलगडत नेलं तर इचलकरंजीहून कोल्हापूरच्या आसपास पोचेल, असं सांगितलं की मागच्या रांगेतली पोरंही वहीत गुणाकार करू लागतात.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून हा विषय शिकवतात. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा पदव्युत्तर डिप्लोमाही आहे. इतिहासाची पदवी चालते, पण आमच्यासारख्या ठिकाणी वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा केलेल्याला मी आधी बोलावेन. सुरुवात बहुधा कंत्राटी असते. पगार ऐकून घरचे गप्प होतील, तयारी ठेवा.

दात्याकडून देणगीचं पत्र सहीनिशी घ्या. आमच्याकडं एक वारस दोन वर्षांनी टेम्पो घेऊनच आला होता, "आमचा माग द्या" म्हणत. नोंदवहीत क्रमांक, तारीख, फोटो आणि पत्र असल्यामुळं चहा पिऊन परत गेला. नोंदवहीत आणखी एक रकाना मी वाढवलाय: 'कुणी चालवला'. मालकाचं नाव सगळे सांगतात, कामगाराचं विचारावं लागतं.

बाकी बराचसा दिवस वीजबिल, कंपन्यांच्या सामाजिक निधीचे (सीएसआर) अहवाल आणि पत्र्यावरची भोकं यांत जातो. मे महिन्यात शाळा बंद असतात, तेव्हा आम्ही मागांना तेलपाणी करतो आणि खालच्या फळीवरची कापडं वर हलवतो. पंचगंगेचं पाणी २०१९ मध्ये कुठवर आलं होतं, ते गावात सगळ्यांना पाठ आहे. मुलाखतीला येणार असाल तर जूनच्या आधी या, शिडी धरायला माणूस लागतोच.