नेपल्सहून एका दिवसात पोझितानो आणि अमाल्फी कसं करायचं

पोझितानो आणि अमाल्फी ही इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला समुद्रकाठची दोन गावं. जो तो सांगतो की नेपल्सहून लोकलने पश्चिमेकडच्या सोरेंतोला जा आणि तिथून बस धरा. उन्हाळ्यात असं अजिबात करू नका. मी तीनदा जाऊन आलेय, त्यातलं पहिल्यांदा असंच केलं आणि अर्धा दिवस रांगेत गेला. पूर्वेकडच्या सालेर्नो शहरातून बोटीने जा. भाड्याची गाडी तर नकोच, रस्ता एकच आणि अरुंद, शिवाय सीझनमध्ये ठराविक दिवशी नंबरप्लेटचा सम-विषम नियम असतो.

१. सकाळी लवकर नेपल्स सेंट्रलहून सालेर्नो. फास्ट ट्रेनने साधारण ४० मिनिटं. साध्या रीजनल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी मशीनमध्ये पंच करा, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

२. स्टेशनपासून चालत पियाझ्झा देल्ला कोंकोर्दियाचा धक्का. बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. आधी थेट पोझितानो गाठा, सव्वा तासाच्या आसपास लागतो, उजवीकडे बसा म्हणजे सगळा किनारा दिसतो. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ बोर्डवर बघून फोटो काढून ठेवा.

३. पोझितानो ते अमाल्फी. बोट असेल तर प्रश्नच नाही, २५-३० मिनिटांत पोचता. पण दुपारी वारा सुटला, समुद्र खवळला की बोटी बंद होतात आणि मग बसशिवाय पर्याय राहत नाही, आणि खरी गोची इथेच आहे.

माझ्यासोबत आई होती. आम्ही स्पोंदाच्या स्टॉपवर भर उन्हात उभ्या, एकामागून एक तीन बस आल्या आणि न थांबता निघून गेल्या, कारण त्या सोरेंतोहूनच खच्चून भरून येतात. आईचे गुडघे दुखायला लागले, बसायला जागा नाही, मला रडायचंच बाकी होतं. नंतर कळलं की पोझितानोत या बसचे दोन स्टॉप आहेत. वरचा किएझा नुओवा, सोरेंतोच्या बाजूचा, आणि दुसरा स्पोंदा, अमाल्फीच्या बाजूचा. सोरेंतोहून येणारी बस आधी किएझा नुओवाला थांबते, पोझितानोची माणसं तिथेच उतरतात आणि जागा होते. त्यामुळे अमाल्फीला जायचं असेल तर किएझा नुओवाला उभं राहा, आणि उलट सोरेंतोला जायचं असेल तर स्पोंदाला. स्पोंदा समुद्रापासून जवळ पडतो म्हणून सगळे तिथेच गर्दी करतात, तुम्ही करू नका. वर चढायला त्रास होत असेल तर मुलिनी चौकातून गावातली छोटी बस मिळते, ज्येष्ठ सोबत असतील तर तीच घ्या.

बसचं तिकीट सकाळीच घेऊन ठेवा. निळ्या पाटीवर पांढरा टी लिहिलेलं तंबाखूचं दुकान शोधायचं, ताबाक्की म्हणतात त्याला, तिथे मिळतं. दुपारी ही दुकानं बंद असू शकतात. आणि वळणं आपल्या घाटासारखीच आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी आधीच घ्यावी, बसमध्ये बसल्यावर घेऊन उपयोग नाही.

४. अमाल्फीत सांत आंद्रेआचं कॅथेड्रल बघा, लिंबाचं डेलिझिया (तिथला केक) खा. वेळ असेल तरच वर डोंगरातलं राव्हेल्लो गाव. शाकाहारी असाल तर कोलातुरा घातलेला पास्ता टाळा, कोलातुरा म्हणजे अँकोव्ही माशाचा अर्क, मेन्यूत नुसतं नाव असतं म्हणून विचारूनच ऑर्डर करा.

५. परत सालेर्नो. शेवटची बोट नाही, तिच्या आधीची धरा. ती चुकली तरी शेवटची हाताशी असते, आणि बोटीच बंद असतील तर अमाल्फीच्या धक्क्यासमोरच्या चौकातून सालेर्नोची बस सुटते, तिथूनच सुरू होत असल्याने बसायला जागा मिळते.