जुन्या रीळ-मोवरची कापणी उंच कशी करावी

मैदानावरून निवृत्त झालेला रीळ-मोवर, म्हणजे फिरत्या रिळावरची पाती खालच्या स्थिर पात्याशी कात्रीसारखी गवत कापणारे यंत्र, भंगारात स्वस्त मिळाला, तरी तो घरच्या लॉनवर तसाच चालवू नये. असे यंत्र बहुधा १० ते १२ मिमी उंचीवर गवत कापण्यासाठी बसवलेले असते, तर कोल्हापुरातल्या नागाळा पार्क किंवा रुईकर कॉलनीतल्या एखाद्या बंगल्यापुढच्या हरळीला २५ ते ३५ मिमी उंची मानवते. मुळात या यंत्राचा जन्मच आखूड कापणीसाठी झाला. एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने १८३० मध्ये पेटंट घेतलेला पहिला मोवर कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून सुचलेला होता, ही गोष्ट इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांना निश्चित आवडेल.

पुढचा रोलर खाली घेतला की उंची वाढते, हे खरे आहे. परंतु तेवढेच केले तर कापणी बिघडते. मागचा ड्रम, म्हणजे यंत्र ज्यावर चालते तो जाड रोलर, जागच्या जागी राहतो, यंत्र त्याच्यावर मागे कलते आणि खालच्या स्थिर पात्याचा जमिनीशी असलेला कोन बदलतो. समजा, ड्रम आणि पुढचा रोलर यांच्यात ३०० मिमी अंतर आहे आणि पाते बरोबर मध्यावर आहे. पाते २० मिमी उचलायचे तर पुढची बाजू ४० मिमी उचलावी लागेल, म्हणजे कोन सुमारे साडेसात अंशांनी फिरेल. मग पात्याची धार गवताला नीट सामोरी जात नाही आणि गवत कापले जाण्याऐवजी चघळल्यासारखे दिसते.

म्हणून मागची बाजूही उचलावी. मागचा रोलर सुटा असेल तर दोन्ही बाजूंच्या कंसांखाली सारख्या जाडीच्या पट्ट्या देऊन काम भागते. ड्रम यंत्राच्या सांगाड्यातच बसवलेला असेल, तर त्यावर जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे १० मिमी जाडीचे रबर तिरक्या सांध्याने चिकटवावे. ड्रम १० मिमी वर गेल्याने पाते ५ मिमी उचलले जाते. उरलेल्या १५ मिमीसाठी पुढची बाजू ३० मिमी उचलावी लागते. पुढच्या आणि मागच्या बाजूंतला फरक ४० ऐवजी २० मिमी राहतो, त्यामुळे कोनाचा बदलही चार अंशांच्या आत येतो.

पुढच्या रोलरचे नवे कंस ६ मिमी जाडीच्या माइल्ड स्टीलच्या पट्टीतून शिवाजी उद्यमनगरातल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये करून मिळतील. त्यांत लांबट खाच न ठेवता ५ मिमीच्या टप्प्याने उंची बदलेल अशी दोन ओळींत आलटूनपालटून भोके पाडून घ्यावीत. मी पहिल्यांदा खाच ठेवली होती; इंजिनाच्या थरथरीने एका बाजूचा बोल्ट सरकला आणि लॉनच्या अर्ध्या पट्ट्याचे मुंडण झाले. अखंड गुळगुळीत रोलरही बदलावा, कारण उंच गवत तो पाडून टाकतो आणि रिळाला कापायला काही उरत नाही. एका शाफ्टवर ६० मिमी व्यासाच्या नायलॉनच्या चकत्या आणि त्यांमध्ये २५ ते ३० मिमी लांबीचे पाइपचे तुकडे ओवावेत, म्हणजे फटींतून गवत उभे राहते. नुसती दोन चाके लावण्याचा मोह टाळावा. जुलैतल्या ओल्या काळ्या मातीत ती रुतून चरे पाडतात.

यानंतर रिळाच्या वेगाकडे वळावे. दोन लागोपाठच्या छाटांमधले अंतर कापणीच्या उंचीच्या आसपास असावे, असा साधा हिशोब आहे. ड्रमचा व्यास २०० मिमी असेल तर एका फेरीत यंत्र सुमारे ६२८ मिमी पुढे जाते. त्या वेळात दहा पात्यांचे रीळ पाच वेळा फिरले तर पन्नास छाट पडतात, म्हणजे दर साडेबारा मिमीला एक. २५ मिमी उंचीसाठी हे छाट फार दाट आहेत. गवत आत शिरण्यापूर्वीच पुढचे पाते येते आणि इंजिनावर विनाकारण ताण पडतो. एकाआड एक पाते कापून काढणे हा एक मार्ग सांगितला जातो, पण त्यात रिळाचा तोल सांभाळावा लागतो आणि कापलेले पाते परत येत नाही. त्यापेक्षा रिळाच्या शाफ्टवरचे १२ दातांचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) काढून २० दातांचे लावावे. रीळ पाचऐवजी तीन फेऱ्या घेते आणि छाटांमधले अंतर सुमारे २१ मिमी होते. ड्रमवर रबर चढवले असेल तर व्यास वाढल्याने ते २३ मिमीपर्यंत जाते. साखळी मात्र लांब लागेल.

आता धार. प्लगची वायर काढून, जाड हातमोजे घालून, रिळाला गॅरेजमध्ये मिळणारी जाड दाण्याची व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्ट लावावी आणि ते हाताने उलटे फिरवावे. पेस्ट पूर्णपणे धुऊन काढून स्थिर पाते दोन्ही टोकांना सारखे जवळ आणावे. वर्तमानपत्राची पट्टी प्रत्येक पात्याशी आणि पूर्ण रुंदीत स्वच्छ कापली गेली पाहिजे. कुठे ती दुमडली तर तेथे फट आहे.

उंची मोजण्यासाठी अॅल्युमिनियमच्या सरळ पट्टीला एक बोल्ट लावावा. ही पट्टी ड्रम आणि चकत्या यांच्या तळाला टेकवून बोल्टचे डोके स्थिर पात्याच्या काठावर अडकवावे. पट्टी आणि डोक्याची खालची बाजू यांतले अंतर हीच कापणीची उंची. मोजणी डावीकडे आणि उजवीकडे दोन्हीकडे करावी.

रिळाच्या व्यासाच्या निम्म्याहून उंच गवत हे यंत्र आत ओढत नाही, ते पुढे ढकलते. १२५ मिमीच्या रिळाला ६० मिमी ही मर्यादा समजावी. पावसाच्या झडीत दोन आठवडे लॉनवर जाता आले नाही, तर आधी विळ्याने वरचे गवत उतरवावे, उघडीप मिळून गवताची पाती वाळू द्यावीत आणि मगच मोवर काढावा.